जुन्या ट्रॅक्टरच्या सीटचा मूळ रंग सापडत नाही? रंगाचा डबा उघडण्याआधी सीटचा बोल्ट उघडा

गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यात जुने ट्रॅक्टर पुन्हा उभे करायचं काम मी करतो. इंजिनचं काम तसं सरळ असतं. बेअरिंगला नंबर असतो, पिस्टनला माप असतं, चुकलं तर मशीन लगेच ओरडतं. सीटचा रंग चुकला तर काहीच ओरडत नाही. ट्रॅक्टर चालतो, नांगरतो, आणि ती चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. माझ्याकडे आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांपैकी बहुतेकांच्या सीटवर निदान एकदा तरी भलताच रंग बसलेला होता.

मालकाची तळमळ मला कळते. वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर त्याला वडिलांच्या वेळी होता तसाच दारात उभा करायचा असतो. म्हणून अंदाजाने लाल, अंदाजाने काळा असं करू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

सीटचंच असं का होतं? बॉनेटवर कुणी बसत नाही, सीटवर रोज बसतात. घाम, चिखल, कपड्यांचं घर्षण, डिझेलचे हात, सगळं तिच्यावरच. जुनी पत्र्याची सीट परातीसारखी खोलगट असते आणि तिची भोकं मातीने बुजली की पाणी आतच राहतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात ट्रॅक्टर खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, फिरला असेल तर खारं पाणीही लागलेलं असतं. बॉनेटला एकदा रंग देईपर्यंत सीटला तीनदा दिलेला असतो, आणि दरवेळी घरात उरलेला जो डबा असेल त्यातला.

लक्षणं

सीटचा रंग बाकी ट्रॅक्टरशी जुळत नाही. किंवा उलट, नको इतका जुळतो: सीट, बॉनेट, मडगार्ड सगळं एकाच चकचकीत लाल रंगात, नट-बोल्टसुद्धा. कडेला टवके उडालेत आणि आत दोन-तीन वेगळे रंग दिसतात. रंगाखाली फोड येतात, बोटाने दाबले की फुटतात आणि आत तांबडी भुकटी निघते. सीटवर बोट फिरवलं की रंगच बोटाला लागतो. रेक्झिनची गादी आहे, पण तिच्या कडेखालून वेगळ्याच रंगाची किनार डोकावते. यातलं एकही लक्षण असेल तर वर दिसतो तो रंग मूळचा नसावा असा संशय धरून चाला.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि ज्यात जुना रंग नाहीसा होतो त्या सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. सँडब्लास्टिंगवाल्याकडे, म्हणजे वाळूच्या झोताने रंग उडवणाऱ्याकडे, सीट आधी गेली तर पुढच्या सगळ्या तपासण्या संपल्या. चकचकीत पांढरा पत्रा घेऊन येतात आणि विचारतात, “आता रंग कोणता?” तेव्हा मला उत्तर देता येत नाही, आणि फार वाईट वाटतं.

पहिलं काम: धुणं

साबणाचं पाणी, मऊ ब्रश, सुती फडका. प्रेशर वॉशर नको, कारण सैल झालेले टवके उडून जातात आणि तेच आपल्याला हवे असतात.

धुण्याला पहिला मान देण्याचं कारण आपली माती. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतली आणि खाणपट्ट्यातली तांबडी धूळ तेलात मुरून वाळली की हुबेहूब रेड ऑक्साइड प्रायमरसारखी, म्हणजे रंगाआधी मारतात त्या तांबड्या अस्तरासारखी दिसते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका सीटखालचा तांबडा थर प्रायमर समजून बसलो होतो. ओला फडका जोराने घासून पाहा. माती असेल तर फडका रंगतो आणि खाली काहीतरी वेगळं दिसू लागतं. गंज असेल तर फडका तपकिरी होतो, पण डाग जात नाही आणि बोटाला खरखरीत लागतं. प्रायमर असेल तर फडका जवळजवळ स्वच्छ राहतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. या तिन्हींतला फरक ओळखता आला की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरं: कागद आणि पट्टी

ट्रॅक्टर कोणत्या सालचा, हे आधी ठरवा. आरसी बुकात रंगाचा रकाना असतो, तो बघा. मात्र तिथे लिहिलेला रंग ट्रॅक्टरचा असतो, सीटचा नव्हे, आणि नोंदणीच्या वेळी दिसत होता तो असतो. त्यामुळे तो एक धागा समजा, निकाल नाही. मग सीरियल नंबरची पट्टी. फर्ग्युसन टीई-२० वर ती डॅशबोर्डवर असते आणि नंबरआधीची अक्षरंही बोलतात. टीईएफ असेल तर तो डिझेल, म्हणजे १९५१ किंवा त्यानंतरचा.

साल का महत्त्वाचं? कारण कंपन्यांनी रंग बदलले आहेत. फार्मॉल ट्रॅक्टर १९३६ सालच्या शेवटापर्यंत राखाडी होते, मग लाल झाले. फोर्डसनचं मॉडेल एन इंग्लंडमध्ये डॅगनहमला बनू लागलं तेव्हा निळं होतं, मग नारिंगी झालं आणि १९४० मध्ये युद्धामुळे हिरवं. एकाच मॉडेलचे तीन रंग! आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो फर्ग्युसनचा. टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनला, पाच लाखांहून जास्त, आणि तो सगळा राखाडी: बॉनेट, चाकं, सीट सगळं. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन १९५३ मध्ये एकत्र आले, पण लाल-राखाडी जोडी आली ती त्यानंतर काही वर्षांनी, १९५७ च्या अखेरीस. मधला १९५६ चा एफई-३५ राखाडी आणि सोनेरी होता. भारतात मॅसी फर्ग्युसन बनवणारी चेन्नईची टॅफे कंपनी १९६० ची. आपल्या डोळ्यांत बसलेला लाल मॅसी त्या नंतरच्या काळाचा. तोच लाल रंग मागे नेऊन लोक टीई-२० ला फासतात.

तिसरं: बोल्टखाली बघा

माझा सगळ्यात जास्त भरवसा या तपासणीवर आहे. खर्च म्हणाल तर एक पाना आणि थोडं तेल.

बेळगावच्या बाजूने कधीतरी आलेला एक टीई-२० सत्तरी तालुक्यातल्या एका घरी होता. पूर्ण लाल. एका गॅरेजमध्ये तो नुकताच रंगवून घेतला होता आणि सीटचे टवके पहिल्याच पावसात उडाले, म्हणून मालक माझ्याकडे आले. मी म्हटलं, “काका, हा मुळात लाल नसावा.”

“मॅसी म्हणजे लालच ना रे?” ते म्हणाले. “मी लहानपणापासून लालच बघतोय.”

सीट आणि खालचा पाटा, म्हणजे सीट पेलणारी पोलादी पट्टी, जोडणारा नट गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी हळूच फिरवला. घाई केली असती तर वॉशर गरगर फिरून खालचा रंग खरवडून गेला असता. नट निघाला, मग वॉशर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उचलला. खाली रुपयाच्या नाण्याएवढी गोल चकती, गंज नाही, माती नाही, पावसाळी आभाळाच्या रंगाची राखाडी. तिच्या कडेला थर पायऱ्यांसारखे चढत गेलेले: राखाडीवर तांबडा प्रायमर, त्यावर काळा, त्यावर लाल. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच कुणीतरी रंगवला होता.”

इथे थरांची भाषा समजून घ्या. पहिल्या रंगाच्या खालचा प्रायमर कारखान्यातला असू शकतो. रंगाच्या वर प्रायमर दिसला तर तिथून पुढचं सगळं नंतरचं. दोन थरांमध्ये मळाची बारीक काळी रेघ किंवा गंजाचा ठिपका असेल तर मध्ये काही वर्षं गेली आहेत. कारखान्यातले थर एकामागोमाग बसलेले असतात, त्यांच्यात मळ शिरायला वेळच मिळालेला नसतो.

दोन सावधगिरी. वॉशरखाली नुसता प्रायमर किंवा कोरा पत्रा निघाला तर निराश होऊ नका. कारखान्यात बरेच भाग जोडल्यानंतर रंगवले जात, अशा वेळी वॉशरखाली रंग पोचलेलाच नसतो. मग वॉशरच्या कडेला लागून असलेला सगळ्यात खालचा थर बघा. दुसरी गोष्ट, झाकलेली जागाही शंभर टक्के खरं सांगत नाही. तेलाच्या जातीचा एनॅमल अंधारात पिवळसर पडतो, फिकट राखाडी आणि पांढऱ्या रंगात ते जास्त दिसतं. उघडी केलेली चकती काही दिवस उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशी ठेवा. पिवळेपणा बराच उतरतो. त्याआधी मिळवलेला रंग मळकट येतो.

चौथं: टवक्याची पाठ

धुताना जपलेले टवके उलटे करून पाहा. खाऱ्या पाण्याचा गंज पत्र्याकडून वर येतो आणि सगळे थर एकदम उचलतो, म्हणजे टवक्याची पाठ हाच सगळ्यात जुना थर. सोनाराचं भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करूनही दिसतं. कड बघितली की थर मोजता येतात. टवके कागदाच्या पुडीत ठेवा आणि वर लिहा: सीटची उजवी कड, खालची बाजू, तारीख. न लिहिता ठेवलेला टवका दोन महिन्यांनी कचरा होतो.

पाचवं: ही सीट याच ट्रॅक्टरची आहे का?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. सीट मोडली की भंगारातून दुसरी आणून बसवायची ही आपली जुनी रीत. मग तुम्ही कितीही काळजीपूर्वक थर मोजा, ते भलत्याच ट्रॅक्टरची कहाणी सांगतात.

बोल्टची भोकं बघा. कारखान्याचं भोक गोल आणि स्वच्छ असतं. हाताने वाढवलेलं लांबट असतं, कडेला कंगोरा असतो. जास्तीची भोकं, वेल्डिंगची गाठ, न जुळणारा पाटा, ही परक्या सीटची खूण. याहून पक्की खात्री थरांच्या क्रमाने होते. बॅटरीच्या कप्प्याची आतली बाजू किंवा मडगार्डचं सांध्याआडचं तोंड बघा, म्हणजे जिथे ब्रश सहसा पोचत नाही. तिथला सगळ्यात खालचा रंग आणि सीटचा सगळ्यात खालचा रंग एकमेकांशेजारी ठेवा. ट्रॅक्टरच्या मूळ रंगसंगतीत सीट वेगळ्या रंगाची असू शकते, म्हणून खालचा रंग वेगळा निघाला तर लगेच सीट परकी ठरवू नका. नंतरचे थर जुळतात का ते बघा. खालचाही वेगळा आणि नंतरचेही वेगळे, तर ती सीट बहुधा बाहेरची. अशा वेळी मूळ रंगासाठी त्याच मॉडेलचं पार्ट्स बुक किंवा तसाच न रंगवलेला दुसरा ट्रॅक्टर शोधावा लागतो.

सहावं: चमक किती होती?

रंग सापडला म्हणजे काम झालं असं नव्हे. सीट बरोबर राखाडी रंगवूनही नवी-कोरी, प्लॅस्टिकसारखी दिसते, कारण तिच्यावर आजचा टू-पॅक पॉलियुरेथेन (दोन डबे मिसळून मारायचा चकचकीत रंग) मारलेला असतो. आरशासारखी ती चमक त्या काळच्या एनॅमलला नव्हती. सीट आणि पाटा यांच्या मधली झाकलेली जागा घ्या, रबिंग कंपाउंड कापसावर घेऊन हलक्या हाताने दहा-बारा फेऱ्या मारा. उन्हाने वर आलेली खडूसारखी भुकटी निघून जाते आणि खरा रंग, खरी चमक वर येते. फार वेळ घासलं तर आपलीच चमक चढते, म्हणून लवकर थांबा. जागा ओली करून पाहिली तरी रंगाची खोली कळते, मात्र चमक ओल्यावर ठरवू नका.

रंगाचा पोतही बघा. ब्रशच्या केसांच्या रेघा दिसल्या तर तो थर बहुधा घरचा. ओघळ दिसला म्हणून मात्र घरचा ठरवू नका. शेतीच्या यंत्रांना कारखान्यातही ओघळ राहत, तो काही मोटारगाडीचा रंग नव्हता. मला तर जुना ओघळ सापडला की आनंद होतो. जाड असल्यामुळे त्याच्या पोटात रंग जपलेला असतो.

सातवं: पाण्याचा पेपर

आता थोडं खरवडायचं आहे, म्हणून जागा सीटच्या खालच्या बाजूला निवडा आणि आधी फोटो काढून ठेवा. ६०० नंबरचा पाण्याचा पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून, बोटाच्या टोकावर धरून, नाण्याएवढ्या जागेत गोल-गोल फिरवा. मध्ये खोल, कडेला उथळ. थोड्या वेळाने झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं उमटतात. मग १००० नंबरने कडा साफ करा. मधोमध सगळ्यात खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसला की हात थांबवा. पाणी वापरायचं ते नुसतं सफाईसाठी नाही: कोरड्या घासकामात धूळ नाकात जाते, आणि जुन्या रंगाची धूळ नाकात जाऊ देण्यासारखी नसते. कारण पुढे येतंच.

वर्तुळांनी काय मिळतं? वॉशरखाली एकाच जागेचा पुरावा मिळतो. वर्तुळ दोन-तीन ठिकाणी काढलं आणि क्रम सगळीकडे तोच आला तर खात्री होते.

आठवं: थिनर

कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन वरच्या थराला टेकवा. रंग लगेच विरघळून कापसावर आला तर तो नायट्रोसेल्युलोजचा, स्प्रे करणारे पेंटर मारतात तो. सुरकुत्या पडल्या पण विरघळला नाही तर एनॅमल. यावरून मूळ-नकली ठरत नाही, हे नीट लक्षात घ्या. उपयोग वेगळाच आहे: वरचा थर विरघळणारा आणि खालचा न विरघळणारा असेल तर वरचा तेवढाच अलगद उतरवता येतो आणि खालचा जुना रंग अख्खा हाती लागतो. आधी कोपऱ्यात करून बघा, कारण खालचाही विरघळणारा निघाला तर दोन्ही जातील. खोलीचं दार उघडं ठेवा, जवळ बिडी-काडी नको.

नववं: रंग मिळवून घेणं

दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवून रंग मिळवू नका. कॅमेरा आपल्या मनाने पांढरं ठरवतो आणि राखाडी कधी निळसर तर कधी हिरवट दाखवतो. वस्तूच घेऊन जा. म्हापसा, फोंडा, पणजीकडे मोठ्या दुकानांत रंग मोजायचं मशीन मिळू शकतं, पण त्याला सपाट, पॉलिश केलेली जागा लागते. परातीसारख्या सीटवर ते चुकतं, म्हणून शक्य असेल तर पाटा किंवा ब्रॅकेट न्या. मशीनचा आकडा आला तरी नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून, पूर्ण वाळू द्या आणि बाहेर सावलीत मूळ चकतीच्या शेजारी धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे दिसतात, हा अनुभव मी अनेकदा घेतलाय. आमच्या पावसाळ्यातला ढगाळ सकाळचा उजेड या कामाला फार चांगला. ऊन नाही, चकाकी नाही. तेवढं एक काम मी मुद्दाम जूनमध्ये ठेवतो.

गादीची सीट असेल तर थोडक्यात: रेक्झिनचा मूळ रंग शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीवर आणि पिनांच्या खाली टिकतो. गादी फाडण्याआधी एक कोपरा उसवून बघा. आत काथ्या आहे की फोम, हेही लिहून ठेवा. कुशनवाल्याला जुनं कव्हर परत द्यायला आधीच सांगा, नाहीतर तो फेकून देतो.

कुठे थांबायचं

हे स्पष्ट सांगतो, कारण यात मूळ रंगापेक्षा माणूस मोठा आहे.

तांबूस-तपकिरी नव्हे तर भडक शेंदरी प्रायमर दिसला तर हात थांबवा. तो शिशाचा शेंदूर असू शकतो. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी; त्याआधीच्या आणि यंत्रांवरच्या रंगात शिसं सर्रास असे. असा रंग कोरडा घासू नका, ब्लोलॅम्पने जाळू नका, अंगणात मुलं खेळतात तिथे तर मुळीच नको. शिसं तपासून घ्या आणि तो रंग उतरवायचं काम धुळीची सोय असलेल्या माणसाकडे द्या.

सीटचा पाटा किंवा स्प्रिंग चिरलेली दिसली तर रंगाचं काम बाजूला ठेवा. स्प्रिंगच्या पोलादाला साधं वेल्डिंग केलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि ते शेजारीच तुटतं. नांगरताना सीट तुटली तर माणूस मागे अवजारावर पडतो. पाटा बदला, नाहीतर स्प्रिंगचं काम जाणणाऱ्याकडे न्या.

थर उतरवताना हाताने काढलेला आकडा, शिक्का किंवा अक्षरं दिसू लागली तर पुढे एक फेरीसुद्धा मारू नका. फोटो काढा, झाकून ठेवा आणि जुन्या यंत्रांच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. ओतीव लोखंडाची, नाव कोरलेली जुनी सीट असेल तरी तेच. आणि तीन जागी तपासूनही तीन वेगळी उत्तरं येत असतील तर चौथी जागा खरवडू नका. तेव्हा प्रयोगशाळेत थरांचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा माणूस लागतो.

सत्तरीतल्या त्या फर्ग्युसनला आम्ही राखाडी रंगाचे दोन हात दिले, चमक मुद्दाम कमी ठेवली. वॉशरखालची ती चकती मात्र तशीच सोडली, वर पारदर्शक वार्निशचा एक पातळ हात दिला आणि नट हलकाच कसला. चवथीला घरी पाहुणे आले की काका त्यांना सीटखाली वाकायला लावतात आणि पाना घेऊन ती दाखवतात.